अँकी: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

मराठी माध्यमात शिकून आता ऑफिसात इंग्रजीतून मेल आणि फोन करावे लागतात, अशा प्रत्येकाला मी सध्या अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून पाठांतर करून घेणारं ॲप सुचवतो. सात-आठ महिने रोज सकाळी चहाबरोबर वापरतोय. एक मात्र आधीच सांगतो, हे इंग्रजी शिकवणारं ॲप नाही. यात ना धडे, ना व्याकरण. कार्डं आपण भरायची, ती कधी दाखवायची एवढंच ते ठरवतं. पण ते काम फार चोख करतं.

डेमियन एल्म्स यांनी हा प्रोग्रॅम २००६ साली आणला. कार्डावरचा प्रश्न वाचून उत्तर आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी यांपैकी एक बटण दाबायचं. जमलेलं कार्ड आधी दहा मिनिटांनी येतं, मग दुसऱ्या दिवशी, मग काही दिवसांनी, पुढे तर महिन्या-दोन महिन्यांनी. अडलेलं लगेच परत येतं. सेटिंगमध्ये २०२३ पासून एफएसआरएस नावाची नवी पद्धत आहे, ती आपल्याच उत्तरांवरून हे अंतर ठरवते. ती जरूर चालू करा.

रोज २० नवी कार्डं असं मुळात लावलेलं असतं. नोकरी सांभाळून ते झेपत नाही, कारण आजची २० पुढे कित्येक दिवस उजळणीला येत राहतात आणि ढीग साचतो. पाच-सहावर आणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्डावर सुटा शब्द टाकू नका. 'मिस्टेक' म्हणजे चूक हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. बोलताना गाडी अडते ती त्याच्या आधी 'मेक' येणार की 'डू', इथे. आपण एखाद्याशी लग्न करतो, एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'मॅरीड विथ' आणि 'डिस्कस अबाउट' आपसूक तोंडात येतं. इंग्रजीत मात्र 'मॅरीड टू', आणि 'डिस्कस'नंतर थेट विषय. नियम पाठ असूनही फोनवर तो वेळेवर आठवत नाही, अख्खं वाक्यच जिभेवर बसावं लागतं. त्यासाठी अँकीत क्लोझ प्रकारचं कार्ड आहे, म्हणजे आपल्या शाळेतलं 'रिकाम्या जागा भरा'.

माझं एक कार्ड असं आहे: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू ____ यू', खाली मराठीत 'तुम्हाला भेटायची उत्सुकता आहे'. उत्तर 'मीटिंग'. 'टू' ऐकलं की पुढे 'मीट' म्हणावंसं वाटतं, त्यामुळे हे कार्ड कितीतरी दिवस 'अगेन'मध्येच फिरत होतं. शेवटी त्यावर मुलीच्या आवाजात वाक्य रेकॉर्ड केलं आणि प्रत्येक वेळी तिच्या मागोमाग मोठ्याने म्हणायला लागलो. परवा पुण्याच्या एका ग्राहकाशी बोलताना फोन ठेवायच्या आधी तेच वाक्य न अडखळता आलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

वाक्यं मी मुख्यतः ऑफिसात आलेल्या मेलमधून उचलतो. 'आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे', 'जस्ट टू कन्फर्म', 'सॉरी फॉर द डिले' अशी रोज लागणारी. शब्द कुठले घ्यायचे कळत नसेल तर ऑक्सफर्ड ३००० ही यादी ऑनलाइन फुकट मिळते, सोप्याकडून अवघडाकडे, ए१ ते बी२ अशा पायऱ्यांनी लावलेली. मात्र शब्दासोबत कोशातलं उदाहरणाचं वाक्यही घ्या. दुसऱ्यांनी बनवलेले तयार संचही मिळतात, पण कार्ड स्वतः बनवताना अर्धं पाठांतर तिथेच होतं, असा माझा अनुभव आहे.

अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड आणि संगणकावर अँकी, दोन्ही मोफत. आयफोनचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं, मोफत हवं असेल तर ब्राउझरमधून अँकीवेब वापरता येतं. समोरच्याचं इंग्रजी ऐकून समजण्याचा आणि प्रत्यक्ष बोलण्याचा सराव यातून होत नाही, तो वेगळाच करावा लागतो. मी त्यासाठी रात्री जेवणानंतर मुलीशी थोडा वेळ इंग्रजीतच बोलतो, आणि तिथे जे वाक्य अडतं त्याचं सकाळी कार्ड होतं.