स्टेज मॅनेजर व्हायचंय: आधी पदवी की आधी विंग?

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी आटोपली की आठ-पंधरा दिवसांत दोन-तीन मुलं तरी मला गाठतात. प्रश्न ठरलेला. ‘ताई, बॅकस्टेजच करायचंय. ललितला (पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात) प्रवेश घेऊ की सरळ एखाद्या संस्थेत शिरू?’ घरी विचारून झालेलं असतं आणि ‘आधी हातातलं शिक्षण पूर्ण कर’ असं उत्तरही मिळालेलं असतं. या मुलांना मी समोर बसवून जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. इंग्लंड-अमेरिकेत ज्याला स्टेज मॅनेजर म्हणतात तो माणूस तालमीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत नाटकाची वही सांभाळतो. कोणता दिवा कधी, कोणता आवाज कधी, कोण कोणत्या विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, येणार, हे सगळं त्या वहीत असतं आणि प्रयोगात हेडसेटवरून प्रत्येक क्यू, म्हणजे ‘आता दिवा, आता आवाज’ ही सूचना, तोच देतो. आपल्याकडे हे काम वाटलं गेलंय. तारखा, थिएटर, बस, हिशेब हे व्यवस्थापक किंवा सूत्रधार बघतो. सेट आणि प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) बॅकस्टेजच्या मंडळींकडे असते. तालमीत संहिता घेऊन दिग्दर्शकाचा सहायक बसतो. प्रकाशाचे क्यू बऱ्याचदा ऑपरेटर स्वतःच संवाद ऐकून घेतो. म्हणून ‘स्टेज मॅनेजमेंटची डिग्री घेऊ का’ असं कुणी विचारलं, की मी उलट विचारते, यातलं नेमकं कुठलं काम करायचंय?

विंगेतून शिकण्याची वाट पुण्यात जुनी आहे. पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतींच्या चौकटी, उचलूनच इथल्या कितीतरी पिढ्यांचा या कामावर हात बसला. या वाटेवर मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेग. बालगंधर्व रंगमंदिरात दुपारी साडेबाराला एक नाटक आणि साडेपाचला दुसरं असेल, तर पहिल्याचा सेट उतरवून ट्रकमध्ये भरायचा, दुसऱ्याचा चढवायचा, लाइट फिरवायचे, लेव्हलच्या (उंचवट्यांच्या) कडांना अंधारात चमकणारी रेडियम टेप लावायची आणि तिसऱ्या घंटेला पडदा वर गेलाच पाहिजे. माणसं ओळखायलाही इथेच शिकता येतं. कुठल्या नटाला प्रवेशाआधी बोललेलं चालत नाही आणि कुणाला पाठीवर हात लागतो, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. शिवाय फी नाही, आणि व्यावसायिक नाटकात शिरलात तर प्रयोगागणिक नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, मिळते. ती थोडी असते आणि प्रयोग नसेल तेव्हा काहीच नसतं, हेही ऐकून ठेवा.

या वाटेवर एक गोष्ट मात्र कुणी शिकवत नाही, ती म्हणजे लिहून ठेवणं. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका हौशी संस्थेच्या दोन अंकी नाटकाचं बॅकस्टेज बघत होते. प्रकाश आणि संगीत मिळून छप्पन्न क्यू, आणि सगळे एकाच मुलाच्या डोक्यात. त्याचा हात इतका पक्का होता की वही मागावी असं आम्हा कुणाच्या मनातच आलं नाही. प्रयोगाच्या आदल्या रात्री तो डेंग्यूने ॲडमिट झाला. त्याच्या आईने फोन त्याच्या कानाशी धरला, तो तापात एकेक क्यू आठवून सांगत होता आणि मी संहितेच्या समासात लिहून घेत होते. एकतीस मिळाले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंकात नायिका दारापर्यंत पोचायच्या आतच काळोख झाला. ती अंधारात कडी चाचपडत राहिली. मी विंगेत तीन फुटांवर उभी होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. ती कडीची खडखड मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मी नाट्यशास्त्र शिकलेल्या एका मैत्रिणीकडे गेले आणि तिची फाइल उघडून बसले. डाव्या पानावर संहिता, उजव्या पानावर क्यू. प्रत्येक क्यूला क्रमांक, ज्या शब्दावर द्यायचा त्या शब्दाखाली रेघ, आणि त्याच्या दोन-तीन ओळी आधी ‘तयार’ अशी खूण. सगळं पेन्सिलने, कारण तालमीत बदल होतातच. मागे प्रॉपर्टीच्या टेबलाचा नकाशा, कोणती वस्तू कुठे ठेवायची त्याच्या चौकटींसह. ती आजारी पडली असती तर ती फाइल उघडून कुणीही प्रयोग काढला असता.

शिक्षणाची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७पासून आहे आणि तिथे नाट्यशास्त्रात बी.ए., एम.ए. करता येतं. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ची. तिथला अभ्यासक्रम पदवीनंतरचा, तीन वर्षांचा आहे आणि प्रवेशासाठी नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. म्हणजे तिथेही आधी विंग आहेच! या ठिकाणी चुकायला वेळ मिळतो. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरसमोर तासन्‌तास बसता येतं, नेपथ्याचे आराखडे मापात काढायला शिकता येतं, आपल्या गटाबाहेरची नाटकं वाचून होतात. पण वर्गातल्या बहुतेकांना अभिनय किंवा दिग्दर्शन करायचं असतं आणि स्टेज मॅनेजमेंट हा अनेक विषयांतला एक असतो. फक्त तेवढ्यासाठी तीन वर्षं देणार असाल तर अपेक्षा आधीच तपासून घ्या.

फक्त याच विषयाची पदवी हवी असेल तर बाहेर जावं लागेल. लंडनच्या नाट्यशाळांत ती आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि २०२१पासून तिथे शिकवणी शुल्क माफ आहे. अर्थात प्रवेश अतिशय अवघड. बाकी ठिकाणी खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. एक मात्र लक्षात ठेवा, तिथल्या स्टेज मॅनेजरांना सामावून घेणारी नटांची युनियन १९१३पासूनची आहे आणि तिचं सभासदत्व पदवीवर नाही, केलेल्या कामावर मिळतं.

मग पदवी विचारतं कोण? मराठी निर्माता विचारत नाही. ‘कुणाकडे काम केलंस?’ एवढंच विचारतो आणि लगेच त्या माणसाला फोन लावतो. शाळा-कॉलेजात नाट्यशिक्षक व्हायचं असेल, शिष्यवृत्ती किंवा परदेशी प्रवेश हवा असेल, तर मात्र कागद लागतो. आपल्याकडे पदवी नसूनही मोठं काम झालंय, हे खरं आहे. नाटककार सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकलेले, नाटक पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेत भालबा केळकरांच्या हाताखाली शिकले. पण तेच पुढे ललित कला केंद्राचे प्रमुख झाले, हेही त्याच दमात सांगायला हवं. अनुभवातून आलेल्या माणसालाही शिकवणारी जागा हवीशी वाटली, असा मी त्याचा अर्थ लावते.

मुलींशी मी आणखी एक बोलते. रात्री साडेनऊचा प्रयोग संपून ट्रक भरेपर्यंत एक-दीड वाजतो. घरच्यांची काळजी खोटी नसते. संस्थेत शिरतानाच ‘रात्री घरी कोण सोडणार’ हे विचारा. ज्या संस्थेकडे याचं उत्तर नाही, तिथे काम कितीही चांगलं असलं तरी जाऊ नका.

माझं मत सरळ आहे. जी पदवी चालू आहे ती पूर्ण करा आणि तेवढी दोन वर्षं विंगेत काढा. त्यानंतरही प्रश्न पडत राहिले, दिवा तिथेच का, काळोख इतकाच का, तर एम.ए.ला जा. तेव्हा वर्गातला प्रत्येक तास कामी येईल. बारावीनंतर लगेच नाट्यशास्त्र घ्यायचं असेल तर ते संपूर्ण नाटकाच्या ओढीने घ्या, नुसत्या बॅकस्टेजसाठी नको.

आणि आत्ताच्या एकांकिकेची वही अजून केली नसेल तर या आठवड्यात करा. ती एकांकिका न पाहिलेल्या मित्राच्या हातात वही द्या, तुम्ही प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि त्याला एक तालीम काढू द्या. तो जिथे जिथे मान वळवून तुमच्याकडे बघेल, ती पानं घेऊन मला भेटायला या.