'असुर' की 'माइंडहंटर': आधी कोणती लावावी?

मनोविकृत गुन्हेगारांवरच्या मालिकांचा विषय निघाला की आमच्या लोकलच्या ग्रुपमध्ये दोन तट पडतात. ठाण्याला चढणारी आमची बहुतेक मंडळी 'असुर'च्या बाजूची. 'माइंडहंटर'चं नाव काढलं की त्यांचं म्हणणं ठरलेलं, "नुसत्या गप्पा आहेत हो त्यात, घडत काहीच नाही." मी दोन्ही पूर्ण बघितल्यात. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण 'असुर'ला कमी लेखायचा माझा अजिबात इरादा नाही.

२०२० मध्ये आलेला 'असुर'चा पहिला सीझन खरोखर पकड घेतो. काशीचे घाट, भिक्षुकी करणाऱ्या घरातला कुशाग्र मुलगा, पुराणांचे दाखले देत होणारे खून. आपल्या घरात पोथ्या वाचल्या गेल्या असतील तर खुन्याचा युक्तिवाद जास्तच झोंबतो. तो जे संदर्भ देतो ते आपण लहानपणापासून ऐकलेले असतात, आणि ते असे वापरता येतात हे बघून अस्वस्थ व्हायला होतं. विशेष बन्सलनं हा मुलगा, लहान शुभ, असा उभा केलाय की तो समोर आला की मी हातातलं काम सोडायचो. अर्शद वारसी इतका गंभीर फारच कमी वेळा दिसला आहे. आपला अमेय वाघही त्यात आहे. २०२३चा दुसरा सीझन मात्र तंत्रज्ञानाच्या मागे जास्त धावतो, असं मला वाटलं.

माझं घोडं अडलं ते आवाजापाशी. आमच्याकडे मालिका लागते रात्री जेवणं आटोपल्यावर. शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते, भिंती पातळ. 'असुर'मधली माणसं हळू बोलतात म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी पार्श्वसंगीत अंगावर धावून येतं. सगळा वेळ रिमोट हातात. मग हेडफोन लावून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की प्रश्न आईच्या झोपेचा नव्हताच. आता घाबर, आता संशय घे, आता दचक, असं ते संगीत मला सतत बजावत होतं. समोरचं पात्र खोटं बोलतंय की खरं, हे मी माझं ठरवायच्या आत वाद्यांनी ठरवून टाकलेलं असायचं. काहींना त्यातच मजा येते, हे मी ऐकलंय. मला मात्र मनाचा खेळ बघायचा होता आणि मनाला फुरसत मिळत नव्हती.

'माइंडहंटर'मध्ये ती मिळते. १९७०च्या दशकाचा उत्तरार्ध, एफबीआयची माणसं तुरुंगात जाऊन खुन्यांशी बोलतात, बस. खून पडद्यावर जवळपास दिसत नाहीत. कॅमेरून ब्रिटननं रंगवलेला धिप्पाड खुनी एड केम्पर एफबीआयच्या होल्डनला आपुलकीनं सँडविच खाणार का विचारतो, आणि त्या आदरातिथ्यानंच अंगावर काटा येतो. भीती वाटावी म्हणून कुणी ढोल बडवत नाही. घरातल्या शांततेत ही मालिका आणखी चढते.

तिच्यावरची मोठी तक्रार रास्त आहे: ती अर्धवट राहिली. २०१९च्या दुसऱ्या सीझननंतर तिसरा आलाच नाही. कॅन्ससमधल्या ज्या माणसाची झलक आपल्याला अधूनमधून दाखवत राहतात, तो खऱ्या आयुष्यात थेट २००५ मध्ये पकडला गेला. मालिका तिथवर पोचत नाही. मीही हळहळलो. पण दुसऱ्या सीझनमधलं अटलांटातल्या मुलांच्या खुनांचं प्रकरण प्रत्यक्षातही असंच लोंबकळत राहिलं. त्यात पकडलेल्या वेन विल्यम्सला शिक्षा झाली ती दोन प्रौढांच्या खुनांसाठी, मुलांच्या खुनांचा खटला त्याच्यावर चाललाच नाही. त्या आयांच्या चेहऱ्यांवरचं रितेपण बघितल्यावर नीटनेटक्या शेवटाची माझी मागणी बरीच सैल झाली.

प्रवासात मोबाइलवर बघणार असाल तर 'असुर' बरी. हिंदी आहे, वेगवान आहे, गर्दीत एखादं वाक्य हुकलं तरी धागा सुटत नाही. 'माइंडहंटर' ट्रेनमध्ये लावू नका, सबटायटल्सवरून नजर हलली की संवाद गेलाच. रात्रीचा निवांत तास हाताशी असेल तर मी तीच सुचवीन. पहिला एपिसोड संथ वाटेल. केम्पर दुसऱ्यात येतो, तोवर सोडू नका.