कीपअलाइव्हडी: फिरत्या आयपी पत्त्याची राखण
दोन सर्व्हरांमध्ये एकच सामायिक आयपी पत्ता फिरता ठेवण्यासाठी आम्ही लिनक्सवरील ‘कीपअलाइव्हडी’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. मुख्य यंत्र व्हीआरआरपी (पत्ता कोणत्या यंत्राकडे असावा हे ठरवणाऱ्या) प्रोटोकॉलनुसार दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक यंत्रांना पोहोचणाऱ्या) पत्त्यावर आपण चालू असल्याची वर्दी देते; ती लागोपाठ तीनदा चुकली, की राखीव यंत्र पत्ता स्वतःकडे घेते आणि एआरपी संदेश (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे सांगणारा) पाठवून स्विचला नवे ठिकाण कळवते. हे सारे चार सेकंदांच्या आत उरकते, आणि कॉन्फिगरेशन फाइल जेमतेम पंधरा-वीस ओळींची असते.

खटकते ते एवढेच, की मांडणी चुकली तर ते फारशी कुरकुर करत नाही. आमच्याच फायरवॉलने प्रोटोकॉल क्रमांक ११२, म्हणजे व्हीआरआरपीच, अडवला होता, तेव्हा दोन्ही यंत्रे स्वतःला मुख्य समजून बसली आणि तोच पत्ता दोन्हीकडे दिसू लागला. अर्धी रात्र त्यातच गेली. ‘नोप्रीएम्प्ट’ (परतलेल्या यंत्राने पत्ता हिसकावू नये असा पर्याय) हवे असेल, तर दोन्हीकडे सुरुवातीची अवस्था ‘बॅकअप’च लिहावी, नाहीतर दुरुस्त झालेले यंत्र पत्ता पुन्हा ओढून घेते. डेटाबेससाठी मात्र मी पेसमेकर हे अशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअरच निवडेन, कारण बिघडलेल्या यंत्राची वीज तोडण्याची सोय कीपअलाइव्हडीत नाही.