आठ महिने ॲपवर किराणा: पैसे कुठं वाचले, कुठं गेले

मागच्या जूनमध्ये कोल्हापुरात पाऊस लागला आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन पिशव्या भरून आणायचा कंटाळा आला, तेव्हा घरपोच किराण्याचं ॲप मोबाईलवर घेतलं. आम्ही जरगनगरात राहतो. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. ॲपचं नाव लिहीत नाही. दोन वापरून बघितली, दोन्हींचा स्वभाव सारखाच.

पहिला महिना मी जाम खूश होते. प्रत्येक बिलाखाली हिरव्या अक्षरात 'तुमची बचत 64 रुपये', 'तुमची बचत 112 रुपये'. महिना संपला, खातं बघितलं, तर किराण्याचा खर्च नेहमीपेक्षा दीड हजारानं जास्त! मग एका रविवारी सगळी बिलं उघडून वहीत उतरवली. 23 ऑर्डरी निघाल्या. डिलिव्हरी चार्ज, हँडलिंग चार्ज, लहान ऑर्डरचा चार्ज, पाऊस असला की त्याचा वेगळा, आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. नुसतं आणून देण्याचे 640 रुपये झाले होते. बाकीचे गेले 'आणखी 47 रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फ्री' या ओळीपायी. तीस रुपये वाचवायला पन्नासचे वेफर्स. पोरांची चंगळ झाली, एवढंच.

त्यातलं एक बिल सासूबाईंना वाचून दाखवलं. कोथिंबीर 18 रुपये, वरचे चार्ज 41. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "अगं, कोथिंबिरीपेक्षा तिचं गाडीभाडं जास्त? त्यापेक्षा तिला रिक्षानं आणायचीस की."

मग तीन महिन्यांची मेंबरशिप घेतली. डिलिव्हरी फुकट, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटलं. उलट झालं. फुकट आहे म्हटल्यावर हात सैल सुटतो. लिंबू संपलं, मागव. माचिस संपली, मागव. आणि ज्या ऑर्डरीत लिंबू येतं त्यात आईस्क्रीमही येतं. मेंबरशिप संपली ती परत भरली नाही.

खरा फरक पडला तो एका साध्या गोष्टीनं. आता ऑर्डर फक्त शनिवारी जाते. आठवडाभर जे संपेल ते त्याच वेळी कार्टमध्ये टाकायचं, पण पैसे भरायचे नाहीत. शनिवारी सकाळी चहा घेताना यादी बघायची. बुधवारी अगदी गरजेच्या वाटलेल्या निम्म्या गोष्टी शनिवारी नकोशा वाटतात. कार्ट तशीच पडून राहिली की कधीकधी ॲपच कूपन पाठवतं, हा वरचा फायदा. महिन्याला चार-पाच ऑर्डरी, चार्ज जवळपास शून्य.

सगळंच ॲपवर घेत नाही. साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, फरशीचं लिक्विड, बिस्किटं तिथं एमआरपीपेक्षा खरंच कमी पडतात. कोपऱ्यावरचा दुकानदार एमआरपीलाच देतो. पण डाळ, तांदूळ, गूळ आजही लक्ष्मीपुरीतूनच. 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळीवर 2022 च्या जुलैपासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ हातात घेऊन वास बघितल्याशिवाय सासूबाई घेऊच देत नाहीत. चटणीचा, म्हणजे वर्षाच्या तिखट मसाल्याचा, तर प्रश्नच नाही. ती उन्हाळ्यात मिरच्या आणून डंकावर कुटून वर्षाची भरून ठेवतो. पाकिटातली कांदा-लसूण चटणी एकदा मागवली होती, ती नुसती लाल होती.

तेलाचं मात्र सांगितलंच पाहिजे. दुकानात आपण तेल किलोवर घेतो, ॲपवर पिशवी लिटरची. एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. त्यातही काही पिशव्या दिसायला तेवढ्याच, पण मागं बारीक अक्षरात 850 ग्रॅम. दर स्वस्त दिसतो तो इथं. मी दोन महिने फसले. पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो, तो बघायची आता सवय लागली. बिस्किटं, शाम्पू, सगळ्यालाच लागू.

आणि एक. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या बिलात जी घट दिसते, तिचं श्रेय ॲपला देऊ नका. मी ऑक्टोबरमध्ये नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात हिशेब दाखवला होता, त्यानंच ही चूक काढली.

तक्रारी? भाजी. टोमॅटो तीनदा चेंबलेले आले. फोटो पाठवला की पैसे लगेच परत मिळाले, पण बँकेत नाहीत, ॲपच्याच वॉलेटमध्ये, आणि महिनाभरात वापरायचे. म्हणजे परत त्यांच्याकडंच खरेदी. भाजी आता कपिलतीर्थ मार्केटमधून. नवरा कामावरून येताना आणतो, कधी मेथीऐवजी शेपू आणतो, पण ते वेगळं.

पावसाचं तर विचारूच नका. जुलैत चार दिवस ॲप उघडलं की 'सध्या सेवा उपलब्ध नाही'. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला तेव्हा गावात काय काय संपलं होतं ते आम्ही बघितलंय, त्यामुळं पंधरा दिवसांचं सामान घरात असतंच. त्या चार दिवसांत दूध आणि अंडी कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पाठवली. व्हॉट्सॲपवर यादी टाकली, त्याचा मुलगा रेनकोट घालून दारात. चार्ज नाही, खातं वहीत. तेव्हापासून रवा, पोहे, साखर त्याच्याकडूनच घेते, दोन-चार रुपये जास्त पडले तरी.

गेल्या महिन्याचा किराणा, तेल-साबणासकट, ॲप घेण्याआधीच्या महिन्यापेक्षा साडेसातशेनं कमी आला. आत्ता कार्टमध्ये सात वस्तू आहेत. आज गुरुवार. सासूबाईंनी आतून आत्ताच आठवी सांगितली: हिंग.