साठीनंतर चॅरिटीसाठी उडी : विमानातून, दोरीवरून की पंखावरून?

ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींची पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. हॉस्पिससाठी (असाध्य आजारात अखेरची काळजी घेणारी संस्था) नाहीतर एअर अ‍ॅम्ब्युलन्ससाठी चार पैसे जमवावेत आणि त्या निमित्ताने आयुष्यभर राहून गेलेलं एखादं धाडसही करावं, असं कित्येकांच्या मनात असतं. मनात ठरलंय पण फॉर्म भरलेला नाही, अशांसाठी हा आढावा.

वयाचा मुद्दा आधी निकालात काढू. 2017 मध्ये डेव्हनचे व्हर्डन हेझ हे माजी सैनिक वयाच्या 101व्या वर्षी 15,000 फुटांवरून पॅराशूटने उतरले, रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेच्या मदतीसाठी. 2024 मध्ये सफोकच्या मॅनेट बेली यांनी 102 पूर्ण करताना उडी मारली. तेव्हा जन्मतारीख आडवी येत नाही. आडवे येतात ते गुडघे, खुबे, मणके आणि रक्तदाब.

ही सगळी मंडळी ज्या प्रकारे उतरली तो म्हणजे टँडम. अनुभवी इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात तुम्हाला हार्नेसने बांधतात, पॅराशूट त्याच्या पाठीवर, सगळे निर्णय त्याचे. 10,000 ते 15,000 फुटांवरून बाहेर पडायचं, ताशी 190 किलोमीटरच्या आसपास वेगाने फार तर मिनिटभर कोसळायचं, साधारण 5,000 फुटांवर पॅराशूट उघडतं आणि मग पाचेक मिनिटं निवांत तरंगत खाली. तुमचं काम फारसं नाही, पण एक आहे आणि ते नेमकं शेवटी येतं: जमीन जवळ आली की दोन्ही पाय पुढे उचलून धरायचे, म्हणजे बसल्या बसल्या घसरत टेकता येतं. पाय खाली राहिले तर घोटा जातो. घरी करून बघा: जमिनीवर पाय पसरून बसा, मांड्यांखाली हात घालून दोन्ही पाय उचला आणि धरून ठेवा. जमत नसेल तर बुकिंगच्या आधी उडीच्या केंद्राला फोन करून तसं सांगा. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा खुबा बदललेला असेल, तर डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय पुढे जाऊच नका. सर्दी झालेली असताना तर अजिबात नाही. उतरताना कान फाटल्यासारखे दुखतात.

वेशाबद्दलही एक. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, हे ऐकून कुणाला उत्साह येईल. त्यांच्या गाठीशी शेकडो उड्या होत्या. तुम्ही केंद्राने दिलेला जंपसूट घाला.

आता ही उडी खरंच चॅरिटीच्या कामी येते का? 1999 मध्ये स्कॉटलंडच्या टेसाइड भागातल्या डॉक्टरांनी पाच वर्षांतल्या पॅराशूटच्या जखमींचा हिशेब मांडला. चॅरिटीसाठी उड्या मारणाऱ्यांपैकी 11 टक्के जखमी झाले होते. माणशी जमलेली रक्कम सरासरी 30 पौंड, आणि चॅरिटीला मिळालेल्या प्रत्येक पौंडामागे एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, खर्च 13.75 पौंड! त्या काळी नवख्याने थोड्या उंचीवरून एकट्यानेच उडी मारायची पद्धत सर्रास होती. टँडममध्ये उतरवणारा जाणकार असतो, त्यामुळे ते आकडे आजच्या टँडमला जसेच्या तसे लावणं चुकीचं ठरेल. पण त्यातला प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

कारण 'मोफत उडी' मोफत नसते. समजा चॅरिटीने सांगितलं की 400 पौंड जमवा, उडी आमच्याकडून. उडीचे 250 त्याच पैशांतून जातात आणि कामाला उरतात 150. म्हणजे शेजाऱ्याने हॉस्पिसला म्हणून दिलेल्या पैशांतून तुमची हौस भागली. शिवाय सरकारकडून पौंडामागे 25 पेन्स वर मिळवून देणारा गिफ्ट एड इथे अडखळतो. चॅरिटी तुमचा खर्च उचलत असेल तर तुमची मुलं, नातवंडं, भाऊ-बहिणी यांच्या देणगीवर तो सहसा मिळत नाही, आणि आपल्याकडे पहिले देणगीदार तेच असतात. माझं मत स्पष्ट आहे: उडीचे पैसे स्वतः भरा, आणि देणगीच्या पानावर तसं लिहा. लोक हात सैल सोडतात.

उंच इमारतीवरून दोरीने उतरणं, म्हणजे आपलं रॅपलिंग, सौम्य वाटतं. पोर्ट्समथच्या स्पिनेकर टॉवरवरून असे चॅरिटीचे कार्यक्रम होतात. खर्च बहुधा कमी, पण श्रम टँडमपेक्षा जास्त: काठावरून मागे झुकण्याचं धाडस तुमचं तुम्हालाच करावं लागतं आणि हातांना, गुडघ्यांना काम पडतं. सह्याद्रीत तरुणपणी दोर धरलेल्यांना मात्र हेच आवडेल.

विमानाच्या वरच्या पंखावर बांधून उभं राहायचं, हा खास ब्रिटिश वेडेपणा. ग्लॉस्टरशायरमधल्या रेंडकॉम्बला जुन्या बोइंग स्टिअरमन विमानांवर तो करता येतो. टॉम लॅकी यांनी 2013 मध्ये, वयाच्या 93व्या वर्षी, असं उभं राहून स्कॉटलंडहून उत्तर आयर्लंड गाठलं. यात पडणं नाही, जमिनीवर आपटणं नाही. पंखावर चढता आलं पाहिजे आणि तोंडावर आदळणारा वारा सोसला पाहिजे. पायांत बळ आहे पण उतरताना घोट्याची धास्ती वाटते, अशांनी याचा विचार जरूर करावा. खिशाला जड आहे.

बंजी, म्हणजे पायाला लवचिक दोर बांधून उंचावरून झेप, मी या वयात सुचवणार नाही. उलटं लटकताना डोळ्यांतला दाब एकदम वाढतो, आणि पडद्यात रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. मधुमेह, काचबिंदू असणाऱ्यांनी तर नावच काढू नये.

उन्हाळ्यात मुलांकडे आलेल्या आई-वडिलांचं गणित वेगळं आहे. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात असे खेळ बहुधा वगळलेले असतात. पाहुण्या व्यक्तीला इथल्या हॉस्पिटलात भरती करावं लागलं, तर एनएचएस ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लावते. आजोबांचा फारच आग्रह असेल तर विम्याची वेगळी पॉलिसी आधी, बुकिंग नंतर.

तब्येत धडधाकट आणि पाय उचलता येत असतील तर मी टँडमच निवडेन. लँगर, हिंटन अशा उड्यांच्या धावपट्ट्यांवर ढगांमुळे अख्खा दिवस बसून घरी परतण्याची वेळ येते, म्हणून राखीव तारीख हाताशी ठेवा, डबा न्या, आणि देणगीदारांना 'अमुक वाजता उडी' असं कळवू नका. डॉक्टरांची सही लागणार असेल तर जीपीकडे (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे) आधीच सांगून ठेवा. अशा सहीची फी पडते आणि ती मिळायला आठवडे लागू शकतात.