सेकंडहँड पॉप-अप ट्रेलर: मिशिगनमधल्या दिवसांचा अनुभव

टेंट ट्रेलर, म्हणजेच पॉप-अप, घ्यावा का, आणि तोही जुना, असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्याकडे होता तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आम्ही डेट्रॉइटजवळ राहायचो, नोकरी नवी, मुलगी लहान, आणि हॉटेलचं बिल बघितलं की ट्रिपच कॅन्सल करावीशी वाटायची. एका रिटायर्ड जोडप्याकडून घेतला, जुना होता पण जपलेला.

माहीत नसेल त्यांच्यासाठी, गाडीमागे चपटा डबा जातो, मुक्कामाला पोचलं की पुढचं हँडल फिरवत बसायचं, छत चारी कोपऱ्यांवर हळूहळू वर येतं, मग दोन्ही टोकांच्या गाद्या ड्रॉवरसारख्या बाहेर ओढायच्या आणि खालून दांडे लावायचे. दार छताला आडवं अडकवलेलं असतं, ते खाली सोडून बसवायचं. हे दार बसवणं म्हणजे दर वेळी डोक्याला ताप, जमीन जरा उताराची असली की कडी लागायचीच नाही, त्यामुळे आधी लेव्हल नीट करा मगच बाकीचं. गॅसवर चालणारा फ्रिजसुद्धा ट्रेलर तिरका असला की थंड होत नाही.

खरा फायदा कळला आई-बाबा पुण्याहून आले तेव्हा. आईचे गुडघे दुखायचे, तंबूत जमिनीवर झोपणं शक्यच नव्हतं, इथे रीतसर गादी मिळाली. सकाळी दोन बर्नरच्या शेगडीवर तिने पोहे टाकले आणि फोडणीचा वास आख्ख्या कॅम्पग्राउंडभर, शेजारचे अमेरिकन आजोबा कपात कॉफी घेऊन विचारायलाच आले. त्याच ट्रिपला मॅकिनॉ ब्रिज ओलांडला, १९५७ साली सुरू झालेला, साधारण आठ किलोमीटर लांब, आणि आतल्या लेनला डांबर नाही तर लोखंडी जाळी, चाकं त्यावर गेली की घूंऽऽ असा आवाज आणि फटीतून थेट खाली पाणी. बाबा म्हणाले, "अरे, बाहेरच्या लेनने घे ना!" पुढे टाक्वामेनॉन धबधबा बघितला, पाणी अगदी चहाच्या रंगाचं, वरच्या सीडर झाडांच्या दलदलीतलं टॅनिन, म्हणजे झाडांतलं तपकिरी द्रव्य, उतरतं त्यात. आईला वाटलं गढूळ आहे, पण ओंजळीत घेतलं तर स्वच्छ.

आता त्रास. रविवारी पाऊस आला की कॅनव्हास ओलाच गुंडाळावा लागतो कारण सोमवारी ऑफिस, आणि तसाच ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशी, वास तर विचारूच नका. आमच्या अपार्टमेंटवाल्यांना पार्किंगमध्ये ट्रेलर उघडलेला चालायचा नाही, म्हणून मित्राच्या ड्राइव्हवेवर नेऊन सुकवायचो, वहिनी बिचाऱ्या काही बोलायच्या नाहीत. थंडीत हीटर बरा, पण त्याचा पंखा रात्रभर सुरू-बंद होत घरघरतो आणि वीज नसलेल्या जागी बॅटरी खाऊन टाकतो. शिवाय कापडाच्या भिंती अस्वलांच्या काही भागांत चालत नाहीत, यलोस्टोन नॅशनल पार्कच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला फक्त टणक भिंतीवालेच घेतात, तिकडचा प्लॅन आधी तपासा.

जुना घेणार असाल तर गाद्या-पडदे बघत बसू नका, ते बदलता येतं. छत विकणाऱ्यासमोर पूर्ण वर चढवून बघा, कोपऱ्यांत ट्रेलरच्या आतली जमीन पायाने दाबून बघा, मऊ लागली तर लाकूड कुजलंय, निघून या. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते विचारा. आणि आपली गाडी किती वजन ओढू शकते हे मॅन्युअलमध्ये बघा, विकणारा सांगेल ते नव्हे.

पुढे घर घेतलं तेव्हा विकला, जवळपास घेतल्या किमतीतच गेला. हँडल फिरवायला दमदार खांदे आणि सुकवायला जागा, या दोन्ही गोष्टी असतील तर बिनधास्त घ्या. माझे खांदे आता तसे राहिले नाहीत, आणि मुलगी तर हल्ली सरळ केबिन बुक करते, त्यात बाथरूम असते म्हणे.