फाटलेला सीव्ही बूट: नुसता बूट बदलावा की अख्खा एक्सल?

पुढच्या चाकाच्या रिमची आतली बाजू काळ्या, चिकट ग्रीसने माखलेली दिसते, ब्रेक कॅलिपरवरही त्याच ग्रीसचे शिंतोडे असतात, आणि खाली वाकून पाहिले की एक्सलवरचा (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्यावरचा) घड्यांचा रबरी बूट एका घडीच्या तळाशी चिरलेला आढळतो. गाडी मात्र पूर्वीसारखीच चालत असते. अशा वेळी गॅरेजमधून बहुधा ‘पूर्ण एक्सल बदला’ असेच सांगितले जाते. हा सल्ला चुकीचाच असतो असे नाही, परंतु तो गाडीच्या हिताचा आहे की कामाच्या सोयीचा, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

एक्सलच्या दोन्ही टोकांना असलेला सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जॉइंट हा इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा सांधा असून चाक वळलेले असो वा खड्ड्यात खालीवर होत असो, तो फिरण्याचा वेग एकसारखा राखतो. चाकाकडच्या, म्हणजे बाहेरच्या सांध्यात साधारणतः ६ पोलादी बॉल आपापल्या खाचांतून सरकतात, तर गिअरबॉक्सकडच्या, म्हणजे आतल्या सांध्यात पुष्कळ गाड्यांत ३ रोलरचा ट्रायपॉड (तिपाई) असतो. बूट आतले ग्रीस धरून ठेवतो आणि धूळपाणी बाहेर रोखतो. तो चिरला की फिरण्याच्या जोरानेच ग्रीस बाहेर फेकले जाते, आणि उरलेल्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून पॉलिशपेपरचे काम करणारा लगदा तयार होतो. म्हणजे एरवी गाडीइतका टिकू शकणारा सांधा किरकोळ किमतीच्या रबरापायी निकामी होतो. बाहेरचा बूट सहसा आधी फाटतो, कारण स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणाबरोबर त्याच्या घड्या दुमडतात आणि ताणल्या जातात.

त्यामुळे निर्णय बूट पाहून नव्हे, सांधा पाहून घ्यावा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवावी, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. वेगाबरोबर वाढणारा ‘कट-कट-कट’ असा ठेका ऐकू आला तर बाहेरच्या सांध्याच्या खाचा झिजल्या आहेत असे समजावे. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरत असेल, किंवा ॲक्सिलरेटर सोडताना व पुन्हा दाबताना एकच ‘ठक्’ होत असेल, तर संशय आतल्या सांध्यावर जातो. आवाज नसेल, तर चिरेतून बोटभर ग्रीस काढून अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळावे. ते गुळगुळीत लागले तर चीर ताजी असावी. कचकच लागली तर सांधा उघडून पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नये.

सांधा शांत असेल आणि चीर अलीकडची असेल, तर मूळ सांधा ठेवून नवा बूट बसवणे हा माझ्या मते निःसंशय उत्तम पर्याय आहे. मात्र ‘नवा बूट’ म्हणजे जुन्या ग्रीसवर नवे रबर चढवणे नव्हे. एक्सल बाहेर काढून, सांधा उघडून, जुने ग्रीस शेवटच्या थेंबापर्यंत धुऊन आणि सांधा पूर्ण वाळवून प्रत्येक बॉल व प्रत्येक खाच उजेडात पाहावी लागते. खाचेवर नख फिरवल्यावर खळगा अडकला, किंवा धातूवर तापल्याचा निळसर रंग दिसला, तर त्या सांध्यात नवे ग्रीस भरण्यात अर्थ नाही, कारण पोलादाचा कठीण वरचा थर गेलेला असतो आणि तो ग्रीसने परत येत नाही. खाचा चकचकीत आणि सलग असतील, तर नव्या बूटच्या किटमधले ग्रीस पूर्ण वापरावे. बाहेरच्या सांध्यासाठी ते सहसा मॉलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस असते आणि घरात पडलेले साधे ग्रीस त्याची जागा घेऊ शकत नाही. ट्रायपॉड काढण्यापूर्वी तो, दांडा आणि त्याची वाटी यांवर रंगाची खूण करावी, म्हणजे प्रत्येक रोलर आपल्याच खाचेत परततो. किटमध्ये कान दाबून आवळायचे क्लॅम्प असतील, तर ते त्यासाठीच्या पकडीने आवळावेत. तेथे प्लास्टिकची पट्टी चालत नाही.

आता अख्ख्या एक्सलकडे वळू. बूट बदलण्यासाठीही एक्सल बहुतेक वेळा हबमधून (चाक ज्यावर बसते त्या भागातून) काढावाच लागतो. म्हणून नवा एक्सल बसवण्याची मजुरी बूट बदलण्यापेक्षा कमी असते, कारण सांधा उघडणे, धुणे आणि ग्रीस भरणे ही वेळखाऊ आणि हात काळे करणारी कामे वाचतात. गॅरेजच्या सल्ल्यामागचे खरे कारण बव्हंशी हेच असते. शिवाय बंद डब्यातल्या भागाची हमी देणे त्यांना सोपे जाते. स्वतः काम करणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब उलटतो, कारण त्याचा वेळ बिलात येत नाही आणि किटची किंमत एक्सलच्या तुलनेत अगदी थोडी असते.

नव्या एक्सलच्या दर्जाचा मुद्दा मला किमतीपेक्षाही मोठा वाटतो. कंपनीचा मूळ एक्सल महाग असला तरी निर्धास्तपणे बसवता येतो. स्वस्त बाजारी किंवा पुनर्बांधणी केलेले एक्सल मात्र सारखे नसतात: कुठे दांड्याची जाडी वेगळी असते, कुठे मूळ दांड्यावर असलेले कंपन शोषणारे वजन गाळलेले असते. माझ्या स्वतःच्या गाडीत असाच एक एक्सल बसवला होता; गाडी गिअरमध्ये ठेवून सिग्नलला उभी केली की डॅशबोर्ड थरथरत असे, आणि महिन्याभरात तो उतरवून मूळ एक्सलच नव्या बूटसह परत चढवावा लागला. सुदैवाने जुना एक्सल मी नव्याच्या बदल्यात दुकानात दिला नव्हता. तुम्हीही तो लगेच देऊ नये.

सांधा वाजत असेल, तर मात्र बूट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. काही गाड्यांसाठी फक्त बाहेरचा सांधा बूट-ग्रीससह मिळतो, आणि दांडा व आतला सांधा सुस्थितीत असतील तर तो मधला मार्ग चांगला आहे. काही गाड्यांत बाहेरचा सांधा दांड्यावरून निघतच नाही. तेथे आतला सांधा काढून दोन्ही बूट त्या बाजूने सरकवतात. तसेही एक्सल बाहेर आला असेल आणि दुसरा बूट तितकाच जुना असेल, तर तोही त्याच वेळी बदलावा.

उभ्या सांधणीचा, चिकटवून किंवा स्क्रूने जोडायचा बूटही मिळतो. तो बसवायला एक्सल काढावा लागत नाही, हाच त्याचा गुण. सांधा नीट धुता येत नाही आणि सांधणीला ग्रीसचा डाग लागला तर ती उघडते, हे त्याचे दोष. थोड्याच दिवसांत गाडी विकून टाकायची असेल, तर तो चालेल. शंकूवरून ताणून चढवायचा अखंड बूट त्याहून बरा, पण तोही सांधा जागच्या जागीच ठेवत असल्याने आतली तपासणी अपुरी राहते.

कोणताही मार्ग निवडला तरी हबच्या नटाबाबत हयगय करू नये. अनेक गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो, आणि त्याचा ताण गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच द्यावा. नट सैल असताना किंवा एक्सल काढलेला असताना गाडीचा भार चाकावर टाकू नये, कारण त्याने बेअरिंग खराब होऊ शकते. एक्सल गिअरबॉक्समधून ओढताना ऑइल सीलच्या ओठाला ओरखडा येऊ देऊ नये आणि सांडलेले तेल पुन्हा भरावे. खालचा बॉल जॉइंट सोडून काम झाले असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) सहसा बिघडत नाही. स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) नकलशी (हब धरणाऱ्या भागाशी) जोडणारे बोल्ट सोडले असतील तर ती तपासून घ्यावी. पहिल्या १०० किलोमीटरनंतर रिमच्या आतून एकदा हात फिरवावा. बोटाला ताजे ग्रीस लागले, तर क्लॅम्प नीट बसलेला नाही.